मास्टर्स झालं, तरी परीक्षेला बसता येईना: हेल्थ इन्फर्मेशनमध्ये येणाऱ्यांसाठी

पुण्याहून, ऐरोलीहून, नागपूरहून मेडिकल कोडिंगमधल्या, म्हणजे आजार-उपचारांना बिलासाठी कोड देणाऱ्या, मुलींचे मला मेसेज येतात. मुलांचेही येतात, पण मुलींचे जास्त, कारण त्यांतल्या बऱ्याच जणी लग्न होऊन इकडे अमेरिकेत येणार असतात. प्रश्न एकच. "ताई, तिकडे आल्यावर एमएस करू ना? म्हणजे कोडिंगच्या वर जाता येईल." मी उलट विचारते: एमएस कशात करणार, आणि ते झाल्यावर कुठल्या परीक्षेला बसणार? पहिल्याचं उत्तर लगेच येतं. दुसऱ्यावर बहुतेक जणी गप्प होतात. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आयसीडी (आजारांचे कोड) आणि सीपीटी (उपचारांचे कोड) कशाशी खातात हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरते. माझं थोडक्यात सांगायचं तर मूळची सांगलीची, बीएस्सी मायक्रोबायोलॉजी, मग कोडिंगचा क्लास, सीपीसी ही कोडिंगची परीक्षा, आणि नावापुढचं ॲप्रेंटिसचं 'ए' जाईपर्यंत नवी मुंबईत प्रॉडक्शनवर. लग्नानंतर ओहायोत आले ती डिपेंडंट व्हिसावर. आता इथल्या एका हॉस्पिटलच्या हेल्थ इन्फर्मेशन विभागात, म्हणजे रुग्णांची रेकॉर्ड सांभाळणाऱ्या विभागात, आहे. मधली वर्षं सरळ गेली नाहीत, आणि का गेली नाहीत तेच सांगायचं आहे.

आधी पायऱ्या. अमेरिकेत या क्षेत्राची संघटना म्हणजे अहिमा. १९२८ साली ती सुरू झाली तेव्हा हॉस्पिटलचे कागद सांभाळणाऱ्या बायकांची ती संघटना होती आणि त्यांना रेकॉर्ड लायब्रेरियन म्हणत. ग्रेस व्हायटिंग मायर्स या पहिल्या अध्यक्ष. १९३०च्या दशकात मिनेसोटातल्या डुलुथ इथल्या सेंट स्कोलॅस्टिकासारख्या कॉलेजांनी याची पदवी सुरू केली. पुढे पदवीच्या खाली तंत्रज्ञांची पायरी आली. तेव्हापासून आजपर्यंत दोन मुख्य परीक्षा आहेत. दोन वर्षांची असोसिएट डिग्री करणाऱ्यांसाठी आरएचआयटी आणि चार वर्षांची बॅचलर्स करणाऱ्यांसाठी आरएचआयए. ही नावं २००० सालापासूनची, त्याआधी वेगळी होती. हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंटमध्येच मास्टर्स केलं तर त्यावरही आरएचआयएला बसता येतं. सीपीसी आणि सीसीएस या कोडिंगच्या परीक्षा यांच्या बाहेर आहेत, त्यांना डिग्रीची अट नाही. म्हणून तर आपण सगळे बीएस्सी, बीफार्म, बीएएमएस, बीएचएमएसवाले त्या वाटेने आत शिरलो.

इथपर्यंत कुणीही सांगतं. आता जिथे मी अडकले ते.

मी मास्टर्स केलं हेल्थ इन्फर्मेटिक्समध्ये. कॉलेजच्या माहितीपत्रकावर काहीमची मान्यता ठळक छापलेली होती. काहीम म्हणजे या शिक्षणाला मान्यता देणारी संस्था, आणि अहिमाच्या परीक्षांना बसायला काहीममान्य शिक्षण लागतं, एवढं मला माहीत होतं. दोन आणि दोन चार. मास्टर्स ही बॅचलर्सच्या वरची डिग्री, मान्यता आहे, म्हणजे आरएचआयएला बसता येणारच. डिग्री हातात आल्यावर अर्ज भरायला घेतला तेव्हा कळलं की बसता येत नाही. आरएचआयएला नाही, आणि तिच्या खालच्या आरएचआयटीलाही नाही. गावातल्या कम्युनिटी कॉलेजातून दोन वर्षांची डिग्री घेतलेली एकोणीस-वीस वर्षांची मुलगी ज्या परीक्षेला बसू शकते, तिला मी मास्टर्स करून बसू शकत नव्हते.

कॉलेजने खोटं काही छापलं नव्हतं. मान्यता होती, पण ती हेल्थ इन्फर्मेटिक्सच्या मास्टर्सची. काहीमच्या मान्यतेचे वेगवेगळे गट आहेत: हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट असोसिएट, हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट बॅचलर्स, हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट मास्टर्स, आणि चौथा हेल्थ इन्फर्मेटिक्स मास्टर्स. पहिला गट आरएचआयटीकडे जातो. दुसरा आणि तिसरा आरएचआयएकडे. चौथ्याचा रस्ता या दोन्हींकडे जात नाही. मान्यता देणारी संस्था एक, छापलेलं चिन्ह एक, पण रस्ते वेगळे. 'मॅनेजमेंट' आणि 'इन्फर्मेटिक्स' हे दोन शब्द इथे आलटून पालटून वापरायचे नसतात.

हे पुन्हा सांगते, कारण मी एकदा वाचून पुढे गेले असते हे मला माहीत आहे. मान्यता कॉलेजला नसते, एकेका प्रोग्रॅमला असते. एकाच विद्यापीठात बॅचलर्स मान्य, इन्फर्मेटिक्सचं मास्टर्स मान्य, आणि त्याच विभागाचं सर्टिफिकेट अमान्य, असं सहज असू शकतं. त्यातून 'ॲक्रेडिटेड' हा शब्द दोन पातळ्यांवर फिरतो. आख्ख्या कॉलेजची मान्यता वेगळी, आमच्या ओहायोत ती हायर लर्निंग कमिशन देतं. प्रोग्रॅमची मान्यता वेगळी, ती काहीम देते. प्रवेश विभागातला माणूस फोनवर "येस, वी आर ॲक्रेडिटेड" म्हणतो तेव्हा तो यांतल्या कुठल्या मान्यतेबद्दल बोलतोय हे बऱ्याचदा त्यालाही माहीत नसतं. तिसरी गंमत म्हणजे 'कँडिडसी'. म्हणजे प्रोग्रॅमने मान्यतेसाठी अर्ज केलाय, अजून मिळालेली नाही. कँडिडसीला मान्यता समजू नका, ते कितीही आत्मविश्वासाने सांगोत.

आणि नियम मला त्रासदायक ठरला तरी अन्यायाचा नव्हता, हेही सांगते. त्या वेळी रागावले होते, नंतर अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवून पाहिले. इन्फर्मेटिक्समध्ये मी डेटाबेस शिकले, दोन सिस्टिम एकमेकींशी माहितीची देवाणघेवाण कशी करतात ते शिकले, डॉक्टरला स्क्रीनवर इशारा केव्हा दिसावा यावर प्रोजेक्ट केलं. पण कोर्टाचं समन्स आलं तर रेकॉर्डमधलं काय द्यायचं आणि काय अडवायचं, नोंदीत डॉक्टरने उशिरा केलेला बदल कायद्याने कसा दाखवायचा, मानसोपचाराच्या नोंदी बाकीच्या फाइलपेक्षा वेगळ्या का ठेवतात, कोडिंगमधली चूक बिलापर्यंत कशी पोहोचते आणि विभागातल्या माणसांचं वेळापत्रक कसं लावायचं, यांतलं तिथे जवळजवळ काहीच नव्हतं. आरएचआयए हे सगळं विचारते. अवघड शिकले होते, पण दुसरंच शिकले होते.

तर तपासायचं कसं? काहीमची स्वतःची प्रोग्रॅम डिरेक्टरी आहे. त्यात कॉलेजचं नाव शोधून थांबू नका. प्रोग्रॅमचं पूर्ण नाव, पातळी, आणि मान्यतेची सद्यस्थिती या तिन्ही गोष्टी माहितीपत्रकाशी अक्षर न अक्षर जुळल्या पाहिजेत. मग प्रोग्रॅम डायरेक्टरला ईमेल करा. प्रवेश विभागाला नव्हे, डायरेक्टरला. एकच प्रश्न विचारा: "हा प्रोग्रॅम पूर्ण केल्यावर मी आरएचआयए परीक्षेला बसायला पात्र होते का?" हो किंवा नाही. "आमचे विद्यार्थी अनेक सर्टिफिकेशनची तयारी करू शकतात" असं उत्तर आलं तर ते 'नाही' समजा. तयारी तर घरी बसूनही करता येते.

ज्यांनी आधीच इन्फर्मेटिक्सला प्रवेश घेतलाय त्या आता घाबरल्या असतील. घाबरू नका. ती डिग्री वाया जाणारी नाही. हॉस्पिटलच्या डेटा टीममध्ये, सॉफ्टवेअर कंपन्यांत, विमा कंपन्यांत तिला किंमत आहे, आणि तिथले पगार कधीकधी आमच्या विभागापेक्षा बरे असतात. तुम्हाला एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) लिहायला आवडत असेल आणि रेकॉर्ड विभाग चालवण्यात रस नसेल, तर तुम्ही योग्य ठिकाणी आहात. माझा प्रॉब्लेम असा की मला रेकॉर्ड विभागच हवा होता, आणि तिथल्या जाहिरातीत पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं: आरएचआयए किंवा आरएचआयटी आवश्यक.

मग मी काय केलं? कम्युनिटी कॉलेजात जाऊन असोसिएट डिग्री केली. मास्टर्सनंतर दोन वर्षांची डिग्री! सांगलीला आईला हे समजावून सांगणं परीक्षेपेक्षा अवघड गेलं. इथल्या गणपतीत एका काकांनी "उलटा प्रवास चाललाय" असं म्हणून हसून घेतलं, आणि आयटीत जा असा सल्लाही दिला. तो सल्ला मराठी मंडळात प्रसादाबरोबर मिळतोच. सगळे विषय पुन्हा करावे लागले नाहीत, इंग्रजी, गणित वगैरे सुटले. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी मात्र पुन्हा केली, मायक्रोबायोलॉजीची पदवी असूनही. त्यांच्या हिशोबात बसेल असा कोर्स माझ्या गुणपत्रिकेत नव्हता. रडले थोडी, मग केली. कोडिंगच्या अनुभवाने ती सोपी गेली हे खरं.

दुसरा मार्गही आहे. ज्यांच्याकडे कुठलीही बॅचलर्स आहे त्यांच्यासाठी काही कॉलेजं पदवीनंतरचा छोटा प्रोग्रॅम चालवतात. त्यात फक्त हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंटचे विषय असतात. तो पात्रतेत बसतो की नाही हे पुन्हा त्याच रीतीने तपासायचं, डिरेक्टरी आणि डायरेक्टर. इथे आपल्या लोकांना आणखी एक ठेच लागते. आपली तीन वर्षांची बीएस्सी, बीकॉम ही इथली काही विद्यापीठं चार वर्षांच्या बॅचलर्सच्या बरोबरीची मानतात, काही मानत नाहीत. मूल्यांकन करून देणाऱ्या संस्था वेगवेगळी उत्तरं देतात आणि शेवटी कॉलेज म्हणेल ते खरं. म्हणून मूल्यांकनाचे पैसे भरण्याआधी कॉलेजला कुठल्या संस्थेचं मूल्यांकन चालतं ते विचारा. महाराष्ट्रात आता नव्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची ऑनर्स पदवी येतेय. धाकट्या बहिणींना सांगा, बाहेर जायचा विचार असेल तर चौथं वर्ष सोडू नका. बीएएमएस-बीएचएमएसवाल्यांना या तीन वर्षांच्या भानगडीचा त्रास होत नाही, त्यांना त्रास वेगळा: ते स्वतःला डॉक्टर समजून सुरुवात करतात आणि रिलीज ऑफ इन्फर्मेशनच्या, म्हणजे रेकॉर्डच्या प्रती देण्याच्या, खिडकीवर बसायची तयारी नसते. बसा. रेकॉर्ड कुठून येतं आणि कुठे जातं हे त्या खिडकीवर जितकं कळतं तितकं पुस्तकात कळत नाही.

आता पुढच्या काळाबद्दल. या पायऱ्या अशाच राहतील का? माझ्या मते नाही, आणि म्हणूनच कुठे पैसे आणि वर्षं घालायची हे आज ठरवणं अवघड झालंय.

२०१७च्या सुमारास अहिमाने 'एचआयएम रीइमॅजिन्ड' नावाचा आराखडा आणला (एचआयएम म्हणजे हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट). त्यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, दहा वर्षांत २० टक्के सभासदांकडे संबंधित विषयातली पदव्युत्तर डिग्री असावी हे उद्दिष्ट. दोन, असोसिएट पातळीने सगळ्यातलं थोडं थोडं शिकवण्याऐवजी एखाद्या विशेष कामाकडे वळावं, आणि सर्वसाधारण व्यवस्थापनाची ओळख आरएचआयए ही असावी. दोन वर्षांच्या कॉलेजांत शिकवणारी माणसं यावर नाराज झाली आणि ती नाराजी मला समजते. माझ्या कम्युनिटी कॉलेजातल्या वर्गात रात्रपाळी करून येणाऱ्या बायका होत्या, घटस्फोटानंतर पहिल्यांदा कमवायला निघालेल्या होत्या. त्यांना "चार वर्षं लागतील" सांगणं म्हणजे "येऊ नका" सांगणं.

पण कामाचा कल मात्र आराखड्याच्या बाजूने आहे हेही नाकारता येत नाही. १९८३मध्ये मेडिकेअरने (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) डीआरजीवर, म्हणजे आजाराच्या गटानुसार ठरलेल्या दराने, पैसे द्यायला सुरुवात केली तेव्हापासून कोडरच्या हातात हॉस्पिटलचं उत्पन्न आलं. २००९च्या हायटेक कायद्याने कागद जाऊन संगणकावरचं रेकॉर्ड आलं, फाइल शोधणारी, लावणारी माणसं कमी झाली. दोनदा पुढे ढकललेलं आयसीडी-१० शेवटी १ ऑक्टोबर २०१५ला लागू झालं आणि त्याच्या आगेमागे नवी मुंबई, पुणे, चेन्नईत भरती झाली. आपल्यातल्या कित्येकांच्या नोकऱ्या त्या एका तारखेच्या आहेत. आता साध्या केसेस, विशेषतः रेडिओलॉजीसारख्या ठरावीक साच्याच्या, सॉफ्टवेअर स्वतः कोड करतं आणि माणूस फक्त अडलेल्या बघतो. म्हणजे खालची, रोज मोजून करायची कामं आटतायत. उरतं ते तपासणीचं, डॉक्टरला योग्य प्रश्न विचारण्याचं, माहितीच्या दर्जाचं काम. अमेरिकन सरकारच्या कामगार खात्यानेही २०१८च्या वर्गीकरणात पूर्वीचा एकच 'मेडिकल रेकॉर्ड तंत्रज्ञ' हा गट फोडून दोन केले: मेडिकल रेकॉर्ड स्पेशालिस्ट वेगळे, हेल्थ इन्फर्मेशन टेक्नॉलॉजिस्ट आणि रजिस्ट्रार वेगळे. पहिल्यात सर्टिफिकेटवर शिरता येतं. दुसऱ्यात जास्त शिक्षण मागतात.

मग दोन वर्षांची डिग्री मरणार का? मला वाटत नाही, पण ती शेवटची डिग्री राहणार नाही. कॅलिफोर्नियाकडे बघा. तिथे २०१४च्या कायद्याने काही कम्युनिटी कॉलेजांना चार वर्षांची पदवी देऊन बघायची परवानगी मिळाली आणि त्यात सॅन डिएगो मेसा कॉलेज आणि शास्ता कॉलेज यांनी नेमकं हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट निवडलं. वरच्या दोन वर्षांच्या विषयांना सुरुवातीला ठेवलेली फी युनिटला १३० डॉलर होती, राज्यातल्या रहिवाशांसाठी. माझ्या मास्टर्सच्या एका विषयाच्या फीत तिथलं जवळपास एक सत्र निघालं असतं, हा विचार मी रात्री करत नाही. इतर ठिकाणीही 'दोन अधिक दोन' चालतं. असोसिएट करा, आरएचआयटी घ्या, नोकरीला लागा, आणि वरची दोन वर्षं ऑनलाइन करा, शक्य तिथे मालकाच्या फी-मदतीवर. बहुतेक जणींना मी हेच सांगते. हळू वाटतं, पण मधे कुठे थांबलात तरी हातात काहीतरी असतं. थेट मास्टर्सच्या मधे थांबलात तर कर्ज असतं.

मास्टर्सला माझा विरोध नाही. काम माहीत नसताना केलेल्या मास्टर्सला आहे. तीन-चार वर्षं हॉस्पिटलमध्ये काढल्यावर तुम्हाला कळतं की डेटा ओढतो की माणसं सांभाळायला आवडतात की गोपनीयतेचा कायदा. मग त्या दिशेने मास्टर्स करा, खुशाल करा. २० टक्क्यांचं उद्दिष्ट संघटनेचं आहे, तुमच्या घराचं नाही.

महाराष्ट्रातच राहणार असाल तर तुमच्यासाठीही जमीन हलतेय. मेडिकल रेकॉर्ड विभागात आजवर "कुठलाही पदवीधर, अनुभव असल्यास प्राधान्य" चालत होतं. २०२१च्या नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या परिशिष्टात दहा गट आहेत आणि दहावा हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंटचा आहे, क्लिनिकल कोडर त्यातच येतात. कायद्यात दोन पायऱ्या आहेत. अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणवून घ्यायला दोन ते चार वर्षांत किमान २,००० तासांचं शिक्षण लागतं आणि हेल्थकेअर प्रोफेशनलला तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तासांचं. २०२५मध्ये कमिशनचे नवे अभ्यासक्रम आले त्यांत या विषयाचाही आहे. सहा महिन्यांचं सर्टिफिकेट या हिशोबात बसत नाही हे कुणीही गुणाकार करून बघू शकतं. क्लासवाले मात्र 'गव्हर्नमेंट रेकग्नाइज्ड' छापतच राहणार. त्यांना विचारा, कुठल्या कायद्याखाली आणि किती तास? मणिपालला या विषयाची बीएस्सी आणि एमएस्सी बरीच वर्षं आहे, पण सांगली-साताऱ्याहून तिथवर मुलगी पाठवायला घरचे पटकन तयार होत नाहीत, आणि खर्चही आहे. आपल्याकडे राज्यातच अशी पदवी सहज मिळायला हवी होती. एनएबीएचचं मानांकन घेताना रेकॉर्डसाठी धावपळ करणारी हॉस्पिटलं, आभा हा आरोग्य क्रमांक, डिजिटल आरोग्य मिशन, २०२३चा डेटा संरक्षण कायदा, हे सगळं सांभाळायला माणूस लागणार आहे आणि तो अजूनही क्लार्कच्या पगारावर शोधला जातो. असो. हा वेगळ्या भांडणाचा विषय आहे.

मेंटॉरबद्दल विचारतात म्हणून. पैसे घेऊन 'करिअर गायडन्स' करणाऱ्यांपासून लांब राहा. त्यांना फक्त विचारा की त्यांचं स्वतःचं सर्टिफिकेट चालू आहे का. आरएचआयएला दर दोन वर्षांत ३० सीईयू (पुढच्या शिक्षणाचे गुण) लागतात, आरएचआयटीला २०. ज्याने ते भरलेच नाहीत तो गेल्या किती वर्षांच्या आठवणीवर सल्ला देतोय? मला सगळ्यात उपयोगी पडली ती नवी मुंबईतली आमची ऑडिटर मॅडम. बोलायला खडूस होती, माझी प्रत्येक चूक गाइडलाइनच्या परिच्छेदासकट परत पाठवायची. तिने करिअरबद्दल एक शब्द सांगितला नाही. पण उत्तरामागचा नियम दाखवता आला पाहिजे ही सवय तिच्यामुळे लागली. अशी माणसं शोधा, ती इन्स्टाग्रामवर नसतात.

डंप, म्हणजे परीक्षेतले चोरलेले प्रश्न, विकत घेऊ नका. त्यातले कोड जुने असतात, आयसीडी-१०-सीएम दर १ ऑक्टोबरला बदलतं आणि सीपीटी दर १ जानेवारीला. पकडलं गेलं तर परीक्षाच रद्द. आणि खोटा अनुभव तर अजिबात दाखवू नका. इथे हॉस्पिटल तुमची जुनी नोकरी फोन करून तपासतं, आणि हे क्षेत्र विश्वासावर चालतं. लोकांचे एचआयव्हीचे रिपोर्ट तुमच्या हातात द्यायचे की नाही हे हॉस्पिटलला ठरवायचं असतं. यात मी कुणाला समजूतदारपणा दाखवणार नाही.

डिपेंडंट व्हिसावर असाल तर शिकायला सहसा अडचण नसते, कामाला असते. मान्यताप्राप्त प्रोग्रॅममध्ये हॉस्पिटलचं प्रात्यक्षिक असतं, त्याला पीपीई म्हणतात (मास्क-ग्लोव्ह्जवाली नव्हे). ती जागा मिळण्याआधी लसीकरणाचे कागद, पार्श्वभूमी तपासणी, बऱ्याच ठिकाणी ड्रग टेस्ट. बालपणीच्या लसींचा कागद सांगलीत कुठल्या ट्रंकेत आहे हे आईला आधीच विचारून ठेवा, नाहीतर रक्ततपासणी करून किंवा लसी परत टोचून घ्या. प्रात्यक्षिक विनापगार असलं तरी तुमच्या व्हिसावर चालतं का हे कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला लेखी विचारा, मैत्रिणीला नाही. रहिवाशांची कमी फी तुम्हाला लागू होते का हे राज्याराज्यावर अवलंबून आहे. विचारल्याशिवाय कुणी आपणहून देत नाही.

वय जास्त आहे, मूल लहान आहे, मधे गॅप पडलाय, असं लिहिणाऱ्यांना: आमच्या वर्गात मी वयाने मधली होते. गॅपचं इथे फारसं कुणाला काही वाटत नाही. इंग्रजी बोलायची भीती पहिल्या सत्रात जाते, कारण गटात प्रेझेंटेशन करावंच लागतं आणि बाकीच्यांनाही ते आवडत नसतं.

शेवटच्या सत्रात असतानाच अहिमाच्या परीक्षेचा अर्ज करता येतो, डिग्रीची वाट बघावी लागत नाही. जमलं तर तेव्हाच द्या, सगळं डोक्यात ताजं असतं. त्यासाठी कॉलेजकडून तुम्ही शेवटच्या सत्रात आहात असं लेखी लागतं. ते एप्रिल संपायच्या आत मागा. मे महिन्यात पदवीदान झालं की प्राध्यापक ऑगस्टपर्यंत सापडत नाहीत, आणि ऑफिसमधल्या बाईंना सही करायचा अधिकार नसतो.